आधी सावली, मग ससा

ससे पाळायचं तुम्हा दोघांचं ठरलंच आहे, तर मी मोडता घालणार नाही. फक्त पैसे मोजायच्या आधी एक काम करा. कुलूतल्या गडशाच्या वरच्या अंगाला तुम्ही जी जागा बघितली आहे, तिथे जूनमधल्या दुपारी दोन वाजता तापमापक टांगा. अंगणातल्या झाडाखाली नव्हे, जिथे पिंजरे येणार त्या छपराखाली, पिंजऱ्याच्या उंचीवर. पारा २५ च्या आत राहिला तर पुढचं बोलू. ३० कडे झुकला तर आधी छप्पर बदला, नाहीतर जागाच बदला. अंगोरा सशाला १० ते २० अंश मानवतात, २५ पर्यंत तो निभावून नेतो, त्यापुढे त्याचे हाल सुरू होतात. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दोन कान आणि धाप, एवढंच भांडवल. त्यात अंगावर बोटभर लांब लोकर.

कुलू म्हटलं की बर्फच, असं तुम्हा पुणेकरांच्या डोक्यात बसलेलं असतं. भुंतरला, बियास आणि पार्वतीच्या संगमाजवळ, जूनमध्ये कधीतरी येऊन उभी राहा म्हणजे कळेल. खालच्या पट्ट्यात तिशी सहज ओलांडते. म्हणून ससे चढावरच्या गावांत बरे, आणि तिथेही उत्तरेकडे तोंड असलेल्या शेडमध्ये. जुन्या घरांवरची पाटीच्या दगडाची छपरं थंड राहतात. हल्ली जो तो पत्रा टाकतो. पत्राच टाकणार असाल तर त्यावर गवताचा जाड थर द्या आणि पश्चिमेला अक्रोडाचं झाड नसेल तर वेल चढवा. वेल चढेपर्यंत जुनी पोती टांगून ती ओली ठेवा.

उन्हाने ससा घायाळ झाला की तो लांब पसरतो, श्वास भरभर चालतो, नाकपुड्या ओल्या होतात, कान हाताला तापलेले लागतात. अशा वेळी अंगावर पाणी ओतू नका. ओली लोकर कातडीला चिकटून बसते आणि वारा आत शिरत नाही. ओल्या फडक्याने कान पुसा, आणि पाणी भरून गोठवलेली प्लॅस्टिकची बाटली पिंजऱ्यात आडवी ठेवा. तो आपणहून तिला टेकून झोपतो. एक गोष्ट बाहेरून दिसत नाही, ती आत्ताच सांगून ठेवते. कडक उन्हाळा सोसलेला नर पुढे दीड-दोन महिने पिल्लं देत नाही. मादी भरली नाही म्हणून लोक मादीला नावं ठेवतात, आणि दोष असतो जूनमधल्या उन्हाचा.

तुझ्या नाशिकच्या जावेने गच्चीवर पाळता येतील का म्हणून विचारलंय. तिला सरळ नाही म्हणून सांग. एसी लावून पाळीन म्हणत असेल तर वीज गेलेल्या एप्रिलच्या दुपारी काय करशील, ते विचार. महाबळेश्वरला थंडी असते, पण तिथला पाऊस आणि ती महिनोन्‌महिने न हटणारी ओल अंगोराच्या लोकरीला आणि पायांना सोसत नाही. हा प्राणी कोरड्या थंडीचा. हिमाचल आणि उत्तराखंडातली चढावरची गावं, हेच त्याचं आपल्या देशातलं घर.

आता किती घ्यायचे? जावईबापूंनी पन्नासचा आकडा काढला आहे म्हणे. सहा घ्या. चार माद्या, दोन नर. कागद-पेन्सिल घेऊन बस आणि माझ्याबरोबर हिशेब कर. आपल्याकडे चांगला जर्मन अंगोरा वर्षाला ५०० ते ७०० ग्रॅम लोकर देतो. युरोपातल्या किलो-सव्वा किलोच्या गोष्टी तिथेच राहू देत. सरासरी ६०० धरली तर सहा सशांची ३ किलो ६०० ग्रॅम. मादी पिल्लांत अडकली की तिची लोकर घटते. मळकी, गुंतलेली, आखूड अशी बाजूला काढली की पहिल्या प्रतीची अडीच-तीन किलो हाती लागली तर देव पावला म्हणायचं. उलट बाजूला खाद्य बघ. एका सशाला रोजचं १५० ग्रॅम खाद्य म्हटलं तर वर्षाला जवळजवळ ५५ किलो, वाळलं गवत वेगळं. म्हणजे किलोभर लोकरीमागे नव्वदेक किलो खाद्य. कच्ची लोकर व्यापाऱ्याला घालून हा मेळ कधीच बसत नाही. सूत काढून विकलं तर बसतो, शाल करून विकली तर चार पैसे उरतात. पैसा सशात नाही, टकळीवर आहे. आणि टकळीवर रोज बसायला दोन हात असतील तर सहा सशांची लोकर वर्षभर पुरते. पन्नास सशांची लोकर पोत्यात पडून राहते आणि तिला कसर खाते.

कोणी ‘आमच्याकडून ससे घ्या, लोकर आम्हीच परत खरेदी करू’ असा कागद पुढे केला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आपल्या महाराष्ट्राने इमू बघितले, कडकनाथ बघितले. अशा योजनांत जनावर विकणारा गबर होतो आणि जनावर पाळणाऱ्याच्या गळ्यात कर्ज उरतं.

ससे घेताना आधी गडशाच्या सरकारी केंद्रात जा. राजस्थानात अविकानगरला १९६२ साली सुरू झालेली मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिचं हे केंद्र. तिथे प्रशिक्षण मिळतं आणि वंशावळ लिहिलेले ससे मिळतात. ‘नऊ महिन्यांत लखपती’ वगैरे तिथे कोणी सांगत नाही, हाच त्यांचा चांगुलपणा. ससा कोणाकडूनही घे, तीन-चार महिन्यांचा घे, एक कातरणी झालेला. लोकर बघून भुलू नकोस. त्याचे पुढचे पाय हातात घे आणि पंजाची आतली बाजू बघ. तिथले केस चिकट, एकमेकांत गुंतलेले असतील तर त्याला सर्दी आहे. ससा वाहतं नाक पुढच्या पंजाने पुसतो, आणि विकणारा नाक पुसून ठेवतो पण पंजे विसरतो. कानात खोलवर तपकिरी पापुद्रे दिसले तर खरूज. मागच्या टाचा उघड्या, लाल असतील तर सोड. शेपटीखाली कोरडं हवं. एवढं पाहिल्यावर मग लोकर बघ.

सशाला कानाला धरून उचलायचं नाही, हे कोणी सांगायला नको. पण मानेचं कातडं धरून उचलतानाही दुसरा हात ढुंगणाखाली हवाच. मागचे पाय मोकळे राहिले आणि त्याने झटका दिला, तर त्याचाच मणका मोडतो. मागच्या पायांत जोर फार आणि हाडं नाजूक, अशी ही विचित्र घडण आहे. शिवाय काळीज सशाचं. कुत्रं पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारत राहिलं तर गाभण मादी पिल्लं टाकते, कधी झालेली मारते. दसऱ्याला गावात ढोल-रणसिंगे निघतात त्या दिवसांत शेडची दारं लावून घ्यायची.

पिंजरा प्रत्येकाचा वेगळा. दोघं एकत्र ठेवलेत की एकमेकांची लोकर चघळतात आणि उरलेल्या लोकरीचे गोळे होतात. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच एवढा किमान, मादीचा याहून मोठा. तळाला बारीक जाळी म्हणजे लेंड्या-मूत खाली पडून लोकर स्वच्छ राहते. पण जाळीवर सतत उभं राहून टाचा सोलवटतात, म्हणून एका कोपऱ्यात फळी टाक. फळी रोज काढून धुवायची, हे काम जावईबापूंचं. सशाच्या मुतात चुना पुष्कळ असतो, जाळीवर पांढरं कीट चढतं. ते घासून जात नाही, व्हिनेगर लावून तासभर ठेवलं की सुटतं. आणि जाळीला अडकलेले केस उचकटत बसू नकोस. ससे बाहेर काढून महिन्यातून एकदा प्लंबरकडचा गॅसचा दिवा सगळ्या जाळ्यांवरून फिरवायचा. केस जळतात आणि रोगाची बीजंही बरीचशी जळतात.

हवा खेळती हवी, झोत नको. सकाळी शेडमध्ये शिरल्यावर तुझ्या डोळ्यांना मुताचा वास झोंबला तर सशाच्या छातीला तो रात्रभर झोंबलेला असतो, आणि सर्दीची सुरुवात तिथेच होते. मुंगूस, साप, रानमांजर यांची भीती असतेच, पण पिल्लं सगळ्यात जास्त नेतो तो उंदीर. बोटभर फट राहू देऊ नका.

खाण्याचं सांगते, ते नीट ऐक. सशाचं पोट गवतावर चालतं, दाण्यावर नाही. वाळलेलं चांगलं गवत त्याच्यासमोर सदा हवं. गवताचा चोथाच आतडी हलती ठेवतो. दाण्याचा भरडा किंवा गोळीखाद्य मोजून द्यायचं, आणि ते बारा महिने एकाच मापाने नाही. कातरल्यावरचा पहिला महिना सशाला जास्त खायला लागतं, एक तर अंग उघडं पडलेलं असतं आणि लोकर जोरात वाढत असते. तेव्हा १७०-१८० ग्रॅमपर्यंत दे. तिसऱ्या महिन्यात लोकर अंगभर झालेली असते, तेव्हा १४०-१५० पुरे. लोकर म्हणजे गंधक असलेलं प्रथिन. म्हणून खाद्यात सोयाबीनच्या पेंडीवर सगळा भार टाकू नकोस, तिच्यात गंधकाचा अंश कमी पडतो. थोडी तिळाची किंवा सूर्यफुलाची पेंड असू दे. बुरशीचा वास आलेली पेंड गायीलाही नको आणि सशाला तर मुळीच नको.

हिरव्यात लसूणघास, बर्सीम, तुतीचा पाला, गाजराची पानं. बटाट्याचे कोंब नकोत. पण इथलं खरं विष डोळ्यांना दिसत नाही. आपल्या भोवती सगळ्या सफरचंदाच्या बागा. मार्चपासून फवारण्या सुरू होतात त्या तोडणीपर्यंत थांबत नाहीत, आणि झाडाखालचं गवत अगदी हिरवंगार, लुसलुशीत दिसतं. शेजारीण प्रेमाने किल्टा, म्हणजे पाठीवरची टोपली, भरून कापून आणून देईल. घे, हसून घे आणि खतात टाक. बागेतलं गवत सशाला नाही म्हणजे नाही. ओढ्याकाठचं, रानातलं आणायचं, आणि दव सुकल्यावर सावलीत पसरून मग घालायचं.

पहाटे ससा मान मागे वळवून बुडाशी तोंड नेताना दिसला तर घाबरू नकोस आणि त्याला हटकूही नकोस. तो आपल्याच मऊ लेंड्या खातो. त्यातलं जीवनसत्त्व त्याला दुसऱ्यांदा मिळतं. उलट तशा मऊ लेंड्या सकाळी पिंजऱ्यात तशाच पडलेल्या दिसल्या तर दाणा जास्त होतोय असं समज.

अंगोराचं खरं दुखणं पोटातल्या लोकरीचं. स्वतःला चाटताना केस पोटात जातात, सशाला ओकता येत नाही, आणि केस तिथेच साठत जातात. रोज पिंजऱ्याखाली वाकून लेंड्या बघायच्या. मोठ्या, गोल, सुक्या असतील तर ठीक. लहान झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, किंवा केसाच्या धाग्यात माळेगत ओवलेल्या दिसल्या, की दाणा त्याच दिवशी बंद. नुसतं गवत आणि पाणी. अननसाचा रस पाजला की केस विरघळतात असं कोणी सांगेल. केस विरघळत नाहीत, झालाच तर पाण्याचा उपयोग होतो. यावर जुना उपाय म्हणजे आठवड्याचा उपास. मोठ्या सशांना आठवड्यातून एक दिवस दाणा नाही, फक्त गवत, म्हणजे पोट रिकामं होऊन केस पुढे सरकतात. पाजत्या माद्यांना आणि पिल्लांना मात्र उपास नाही. आणि दुसऱ्या दिवशी कळवळून दीड माप घालू नकोस, नाहीतर एकादशी आणि दुप्पट खाशी.

आता कातरणी. जर्मन अंगोराची लोकर आपसूक गळत नाही, ती कातरावीच लागते. ७५ ते ९० दिवसांनी. त्या आधी लांबी भरत नाही, त्या नंतर लोकर अंगावरच गुंतायला लागते. मी नव्वद दिवसांचं चक्र धरते, कारण ते इथल्या ऋतूंना बसतं: फेब्रुवारीची अखेर, मेची अखेर, ऑगस्टची अखेर, नोव्हेंबरची अखेर. मेमध्ये कातरलं की जूनच्या उन्हाला ससा हलका झालेला असतो, आणि जानेवारीच्या कडाक्याला त्याच्या अंगावर दीड-दोन महिन्यांची लोकर असते. नोव्हेंबरात जरा राखून कातर, अर्धा-पाऊण सेंटीमीटर अंगावर राहू दे, आणि पुढचे आठ-दहा दिवस पिंजऱ्यात भरपूर सुकं गवत टाक. सगळे ससे एका दिवशी कातरायला घेऊ नकोस. तिसऱ्या सशापर्यंत मनगट दुखायला लागतं, आणि दुखऱ्या मनगटाची कात्री कातडीत शिरते.

आदल्या दिवशी दाणा कमी. सकाळी ऊन अंगावर येईल अशा जागी स्टूल, स्टुलावर पोतं, मांडीवर जुनं धोतर. कात्री वाकड्या टोकाची, बोथट अग्राची. आधी हात सगळ्या अंगावरून फिरवून काडी-कचरा वेचून घे. कंगवा फार चालवायचा नाही, लोकर तुटते. मग मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर मधोमध भांग पाड. भांगाच्या एका अंगाने, कात्री कातडीला समांतर धरून, बोटभर रुंदीची एक ओळ कापत जा, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. उजवी बाजू झाली की डावी. डाव्या हाताने लोकर वर ओढू नकोस. सगळ्यांचा हात चुकतो तो इथेच. सशाची कातडी कागदाएवढी पातळ, लोकर ओढली की तिच्याबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीच्या पात्यांत येते. लोकर ओढण्याऐवजी कातडी बोटांनी ताणून सपाट धर. काखेत, मांडीच्या सांध्यात, शेपटीच्या मुळाशी कातडीच्या घड्या असतात, तिथे वेग सोड. मादीची आचळं आधी बोटाने चाचपून घे आणि प्रत्येकावर बोट ठेवूनच पुढे जा. कापलेलं आचळ परत येत नाही, आणि पिल्लं मात्र तेवढीच होतात.

कापल्यावर एखाद्या जागी आखूड खुंट उरला, तर तो नीटनेटका करण्याचा मोह आवर. दुसऱ्यांदा चालवलेल्या कात्रीतून निघतात ते चार-सहा मिलिमीटरचे तुकडे, आणि ते चांगल्या लोकरीत मिसळले की सुतात गाठी येतात, शालीवर भुरा जमतो. ससा ओबडधोबड दिसू दे. त्याला कुठे लग्नाला जायचंय!

कातरतानाच लोकर वेगळी करायची, नंतर नाही. समोर चार खोकी मांडून ठेव. पाठीची आणि बाजूंची, सहा सेंटीमीटरच्या वरची, शुभ्र, मोकळी, ती पहिल्यात. तशीच स्वच्छ पण आखूड, ती दुसऱ्यात. पोटाची, मानेखालची, जराशी गुंतलेली तिसऱ्यात. पिवळी, मळकी, गोळे झालेली चौथ्यात. तिसरीचा नमदा होतो, मोज्याच्या तळव्याला अस्तर होतं. चौथी सफरचंदाच्या आळ्यात. प्रत्येक सशाची पहिल्या खोक्यातली लोकर वेगळी तोल आणि वहीत लिही. सशाच्या कानावर नंबर गोंदलेला असतोच. पहिल्या दोन कातरण्यांवरून कोणाला नावं ठेवू नकोस, खरी लोकर तिसरी-चौथीपासून उतरते. पण पाचव्या कातरणीलाही जी मादी मागे पडली तिची पिल्लं धरायची नाहीत. वही नसेल तर सगळ्यात गोंडस तोंडाच्या मादीची पिल्लं राखली जातात, आणि वर्षागणिक कळपाची लोकर उतरत जाते.

ठेवायची ती दाबून नाही. अंगोराच्या लोकरीला मेंढीसारखा तुपकटपणा नसतो, त्यामुळे कातण्याआधी ती धुवावी लागत नाही. पण दाबली, हलवली, ओल लागली की तिचा नमदा व्हायला वेळ लागत नाही. पुठ्ठ्याचं खोकं, आत वर्तमानपत्र, पसरून थर, मध्ये सुकलेला कडुनिंबाचा पाला. इथे कडुनिंब मिळत नाही, डांबराच्या गोळ्या चालतील, फडक्यात बांधून.

पिल्लांचं थोडक्यात सांगते, कारण पहिलं वर्ष तुम्ही त्या फंदात न पडलेलं बरं. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला तिच्याकडे नाही. आपल्या घरात आलेल्याला ती फाडून काढते. साधारण ३१ व्या दिवशी विते. २७-२८ व्या दिवशी पेटी ठेव. ती पोटाची लोकर उपटून घरटं करते. साध्या सशांत हे छान असतं. अंगोरात मात्र लांब केसाचा फास पिल्लाच्या पायाला, मानेला बसतो. म्हणून विण्याआधी तिची लोकर आखूड करून ठेव आणि पेटीत मऊ सुकं गवत व बोटाच्या पेराएवढे कापलेले केस घाल. झाल्यावर ती दिवसातून एकदाच, चार-पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. ‘आईला मायाच नाही’ म्हणत तिला सारखी पेटीत कोंबू नका. पिल्लांची पोटं गोल, घट्ट असतील तर सगळं नीट आहे.

औषधांत दोनच गोष्टी पक्क्या लक्षात ठेव, बाकीचं डॉक्टर बघतील. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांतलं काहीही तोंडावाटे सशाला द्यायचं नाही. पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यामागोमाग ससा. आणि कुत्र्याच्या गोचिडांवर मारतात त्यातलं फिप्रोनिलवालं औषध सशाच्या जवळही नको. दुकानदार ‘सगळ्या जनावरांना चालतं’ म्हणून हातात ठेवेल. कानाच्या खरजेचे पापुद्रे नखाने काढायचे नाहीत, औषधाने आपोआप सुटतात.

आता टकळी. ही लोकर हातात घेतलीस की पहिल्यांदा रडू येईल, इतकी ती निसटते. आपल्या घोंगडीची दख्खनी लोकर जाड, खरबरीत, एका केसाला दुसरा धरून ठेवतो. मेरिनोला नागमोडी वळण असतं. अंगोराचा केस सरळ, गुळगुळीत, जाडी साधारण १२-१३ मायक्रॉन आणि आत हवेच्या पोकळ्या. त्या पोकळ्यांमुळेच तो हलका आणि ऊबदार. त्याला धरून ठेवायला वळण नाही, म्हणून पीळ जास्त द्यावा लागतो. तुला पुरेसा वाटतो त्याहून थोडा अधिक दे, आणि दोन पदरी कर. हिवाळ्यात तंदूर पेटवलेल्या खोलीत हवा कोरडी होते आणि केस विजेने उडायला लागतात. शेजारी ओलं फडकं ठेव, बोटं अधूनमधून टेकव. नाकाला रुमाल बांध, केस बारीक असतात. पहिले सहा महिने नुसती अंगोरा कातू नकोस. सात भाग मेरिनो, तीन भाग अंगोरा असं हाताने मिसळून घे. हात बसला की निम्मं-निम्मं कर. त्यापुढे जायची गरज पडत नाही. शंभर टक्के अंगोराचा स्वेटर घालून कुलूतही माणूस घामाघूम होतो, शिवाय तो ताणला की परत आखडत नाही. म्हणून स्वेटरच्या काठाला आणि मनगटाला अंगोरा वापरायचीच नाही, आणि विणताना सुया एक-दोन नंबर मोठ्या घ्यायच्या. केसाळ झाक वर यायला सुताला जागा लागते.

लडी कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात बुडव, चोळू नकोस, पिळू नकोस. टॉवेलात गुंडाळून दाब. अर्धवट सुकली की लडीचं एक टोक धरून दुसरं भिंतीवर चारदा सपासप आपट. तुझ्या सासूबाईंना ते बघवणार नाही, पण त्यानेच वरचा केस मोकळा होतो. विणकराला देताना ताणा मेरिनोचा आणि बाणा तुझ्या सुताचा, असं स्पष्ट सांग. खड्डीवर, म्हणजे हातमागावर, ताण्याला जी ओढ आणि जे घासणं सोसावं लागतं, ते अंगोराला झेपत नाही. बाईमाणसाच्या शालीला अडीचशे-तीनशे ग्रॅम सूत लागतं, त्यात तुझी अंगोरा मूठभर. विकायला काढण्याआधी भुट्टी विणकर सोसायटीच्या दुकानात जाऊन तिथल्या अंगोराच्या शाली हाताळून ये. १९४४ पासून ती चालली आहे, तिथली किंमत आणि सफाई बघितली की आपण कुठे आहोत ते समजतं. बाजारातली एखादी ‘अंगोरा’ संशयास्पद वाटली तर दोन धागे काढून जाळून बघ. केस असेल तर जळलेल्या केसाचा वास येतो आणि राख बोटात चुरते. अ‍ॅक्रिलिक असेल तर वितळून कडक मणी होतो.

परदेशातलं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारेल. २०१३ च्या नोव्हेंबरात चीनमधला एक व्हिडिओ जगभर फिरला. सशांना बांधून जिवंतपणी लोकर उपटत होते आणि ससे किंचाळत होते. जगातली बहुतेक अंगोरा चीनमधून येते, त्यामुळे मोठमोठ्या कपड्यांच्या कंपन्यांनी अंगोरा घेणंच थांबवलं. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. तुला कोणी विचारलं तर बोलून पटवत बसू नकोस. कातरणीच्या दिवशी ये, स्टूल टाकते, समोर बसून बघ म्हणून सांग. हे सांगता यावं म्हणूनही ससे थोडेच हवेत. म्हाताऱ्या झालेल्या सशांचं काय करणार, हेही ते गिऱ्हाईक विचारेल, आणि तुम्ही दोघांनी त्याचं उत्तर आत्ताच ठरवून ठेवा. चार-पाच वर्षांनी लोकर उतरते, ससा त्यापुढेही जगतो. मी माझे मरेपर्यंत ठेवते आणि त्यांचा दाणा शालीच्या किमतीत धरते. तुम्हाला ते परवडत नसेल तर सहाऐवजी चार घ्या.

येताना बोहरी आळीतून एवढं घेऊन या: ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा, दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान धरून ठेवणारा तापमापक, वाकड्या टोकाच्या दोन कात्र्या आणि मोठ्या आकाराच्या विणकामाच्या सुया. जाळी तिकडून ओझं करून आणू नका, भुंतरला मिळते. आणि बर्फ बघायला म्हणून जानेवारीत येण्यापेक्षा मेअखेरीस या. त्या आठवड्यात माझी कातरणी असते, आणि दुसरा हात लागतोच.